हिरव्या पट्टीचे पाहुणे

लालबागच्या दवाखान्याच्या पोटमाळ्यावर दुपारी जे ऊन यायचं ते लालसर असायचं. खालच्या गल्लीत मसाला कुटायचे डंक दिवसभर चालायचे आणि मिरचीची पूड उन्हात तरंगत वर चढायची. ऊनच तसं होतं की मधली पूड, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. आजही कुठे भाजल्या मिरचीचा वास आला की मला आधी शिंक येते आणि मग आमचे सर आठवतात. खिडकीकडे पाठ करून, अनवाणी, एक हात माउसवर, दुसऱ्या हातात फोन, आणि पलीकडून कुणीतरी ‘या’ म्हणेल म्हणून थांबलेले.

एका जुन्या संस्थेचे ते धर्मादाय दवाखाने. फणसवाडीत एक, दादरला एक, मग परळ, शीव आणि हा लालबागचा. सगळीकडे केसपेपर कॉम्प्युटरवर घेतले जायचे. त्या कॉम्प्युटरांची काळजी घेणारा विभाग म्हणजे पोटमाळ्यावरचे ते आणि मी. कुठे प्रिंटर अडला, कुठे एखाद्या पेशंटचा कागद उघडेना, की ते लालबागला बसूनच त्या कॉम्प्युटरमध्ये जायचे. त्यासाठी त्यांनी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता आणि तो सगळ्या दवाखान्यांत बसवला होता. इथे माउस हलवला की फणसवाडीतल्या पडद्यावरचा बाण हलायचा. इथे टाइप केलं की तिथे उमटायचं. आता याचं कुणाला नवल वाटणार नाही. पण आमच्या तालुक्याच्या कॉलेजात एका कॉम्प्युटरवर आम्ही चौघी बसायचो. त्यामुळे पहिल्यांदा तो लांबचा बाण हलताना बघितला तेव्हा मला आपण कुणाच्या तरी स्वप्नात शिरतोय असं वाटलं.

मी तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, “मग पाय पुसून जा.”

ते थट्टा करत नव्हते. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये जायच्या आधी ते खरोखर चपला काढायचे. खुर्चीखाली सरकवून ठेवायचे आणि मग फोन लावायचे.

“फणसवाडी? मी बोलतोय. येऊ का?”

“या की. चहा टाकते.”

“टाका. वास पोचला तरी पुरे.”

‘या’ ऐकल्यावरच ते आत जायचे. गेल्या गेल्या तिथल्या बाणाचा एक छोटासा गोल काढायचे, पायपुसण्यावर पाय पुसल्यासारखा. आणि समोरच्या माणसाच्या पडद्यावर अगदी वर एक हिरवी पट्टी उमटायची. तिच्यावर मराठीत लिहिलेलं असायचं, ‘मी आत आहे’. ते बाहेर पडेपर्यंत ती पट्टी जायची नाही, कुणी घालवू म्हटलं तरी जायची नाही. काम झालं की बाण जिथे सापडला होता तिथेच नेऊन ठेवायचे आणि फोनवर सांगायचे, “निघतो.” पलीकडून “बरं, या” आलं की फोन ठेवायचे आणि मग चपला पायात.

या सगळ्यामुळे त्यांना नाव पडलं होतं पाहुणे. मी त्यांना सर म्हणायचे, पण माझ्याही मनात ते पाहुणेच होते. दवाखान्यांतल्या बायकांनी आणि कंपाउंडरांनी पाहुण्यांसाठी एक रीतच पाडून घेतली होती. पट्टी आली आणि बाण हलू लागला की कीबोर्डवरचे हात काढायचे, मांडीवर ठेवायचे आणि स्वस्थ बसायचं. पाहुणे घरात असताना आपण मध्येमध्ये करू नये, असा त्यामागचा भाव. शीवच्या बाई तर खुर्ची थोडी मागे घ्यायच्या. कुणी पेशंट खिडकीशी आला तर त्याला सांगायच्या, “जरा थांबा, पाहुणे आलेत.” पेशंट बिचारा आजूबाजूला बघायचा.

मला त्यांनी नोकरीवर घेतलं तीही गंमतच. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. मुलाखतीला जाताना वडिलांनी कर्जासारखे जपलेले सगळे दाखले फाईलला लावून दिले होते. पाहुण्यांनी ती फाईल उघडलीच नाही. त्यांनी एकच विचारलं, “दुसऱ्याच्या घरी गेलात तर कुठे बसता?”

मी घाबरून खरं ते सांगितलं. “सांगतील तिथे.”

“आणि कुणी सांगितलंच नाही तर?”

“मग उभी राहते.”

“उद्यापासून या,” ते म्हणाले. माझं इंग्रजी कच्चं आहे हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं असणार. त्यावर ते कधी बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून मला सांगायचं सगळं मराठीत लिहून टेबलावर ठेवायला लागले. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे काय, या माझ्या पहिल्या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर मी अजून विसरलेले नाही. “घराच्या किल्ल्या ज्याच्याकडे असतात पण घर ज्याचं नसतं, तो.”

ते राहायचे नायगावात, वडिलांच्या वेळच्या चाळीतल्या खोलीत. वडील गिरणीत होते. चाळीत दारं दिवसभर उघडी, कोण कुणाला विचारून आत येणार? पण त्यांची आई शेजारच्या खोलीतही कधी हाक न देता गेली नाही, असं ते सांगायचे. बाहेर उभी राहायची, “हाय का घरात?” म्हणायची आणि ओ येईपर्यंत हलायची नाही. शेजारणी हसायच्या. लहानपणी ह्यांनाही त्याची लाज वाटायची. वैशाख पौर्णिमेला खिरीची वाटी घेऊन दारोदार तशीच उभी राहायची, खीर निवून जायची.

“तिला गावाकडं उंबऱ्याच्या आत कुणी घेतलं नव्हतं,” ते एकदा म्हणाले. प्रिंटरची शाई बदलत होते, माझ्याकडे बघत नव्हते. “इथं आल्यावर सगळी दारं उघडी. दुसरी कुणी असती तर धावत सुटली असती. ती म्हणायची, मला माहितीय दार म्हणजे काय असतं, मी उगाच कुणाचं ओलांडणार नाही.”

एवढंच. हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही नाही. माझ्याही घरात अशा गोष्टी होत्या. त्या मलाही प्रिंटरची शाई बदलतानाच सांगता आल्या असत्या.

दुपारी काम नसलं की आम्ही नुसते बसून असायचो. पडद्यावर दवाखान्यांची नावं आणि त्यांच्यासमोर चालू-बंद दाखवणारे ठिपके. पाहुणे त्या ठिपक्यांकडे समुद्राकडे बघावं तसे बघायचे. बाणाच्या चालीवरून त्यांना माणूस ओळखता यायचा. शीवच्या बाईंचा बाण गुडघे दुखत असल्यासारखा थांबत थांबत जातो. परळचा कंपाउंडर बाण भिरकावतो आणि मग शोधत बसतो. “आणि शालनमावशींचा?” मी विचारलं तर म्हणाले, “त्या रांगोळी घालतात.”

शालनमावशी म्हणजे फणसवाडीच्या दवाखान्यात केसपेपर करणाऱ्या. मूळ मालवणकडच्या, आयुष्य चिंचपोकळीच्या चाळीत गेलेलं. कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतः विणलेलं क्रोशाचं पांढरं झाकण असायचं. सकाळी ते काढून घडी घालायच्या, संध्याकाळी परत घालायच्या. पाहुण्यांवर त्यांचा भारी जीव. पाहुण्यांचं फोनवर बोलणं त्यांच्याशी जितकं चालायचं तितकं जगात कुणाशी चालत नसेल.

एकदा संस्थेने सगळ्या दवाखान्यांसाठी नवा अँटिव्हायरस घेतला. त्याने पहिलं काम केलं ते पाहुण्यांचाच प्रोग्रॅम पकडला. सगळीकडे लाल चौकटी. परळच्या कंपाउंडरचा फोन आला.

“पाहुणे, तुम्हाला पकडलंय. ट्रोजन म्हणून लिहून आलंय. काय करू, सोडू का ठेवू आत?”

“ओळख पटत असेल तर सोडा.”

“आवाजावरून पटते. पण जामीन कोण?”

मला राग आला होता. सरांचा प्रोग्रॅम आणि तो चोर? पाहुणे मात्र खुशीत दिसले. मला म्हणाले, “बरोबर आहे त्याचं. त्यानं काय बघितलं? एक प्रोग्रॅम आहे, तो लांबच्या माणसाला आत घेतो, पडदा दाखवतो, माउस हातात देतो. चोराचा प्रोग्रॅम याहून वेगळं काय करतो? ओळीओळी मांडून बघ, सारखेच निघतील.”

“मग फरक कशात?”

त्यांनी लाकडी घोड्याची गोष्ट सांगितली. वेशीबाहेर ठेवलेला मोठा घोडा, लोकांनी भेट समजून नगरात ओढून आणलेला, पोटात शत्रूचे शिपाई. त्या ट्रोजन घोड्यावरूनच अशा चोर प्रोग्रॅमना नाव पडलं, हे मला तेव्हा कळलं. “नाव घोड्याचं खराब झालं,” ते म्हणाले. “लाकडानं काय केलं होतं? पोटात कोण बसलंय ते सांगितलं नाही, एवढाच गुन्हा. म्हणून मी माझ्या घोड्याच्या पोटाला काच लावलीय.” आणि पडद्याच्या वरच्या कडेला, जिथे हिरवी पट्टी यायची तिथे बोट लावलं.

ही काच आमच्या चिटणीसांना मात्र खुपायची. संस्थेचे चिटणीस सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. पोटमाळ्याचा जिना चढून आले की आधी पाच-सहा शिंका द्यायचे आणि मग बोलायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं.

“ती पट्टी तेवढी काढून टाका. लोक कामाच्या वेळात काय करतात ते आपल्याला कळायला नको?”

“कळायला हवं. विचारा त्यांना.”

“विचारल्यावर कोण खरं सांगतो?”

“मग न विचारता बघितलेलं तरी खरं कशावरून? माणूस एकटा असताना वेगळाच असतो, साहेब. ते त्याचं असतं.”

“तुम्ही फार लांबचं बोलता. प्रोग्रॅम संस्थेचा, मशीन संस्थेची.”

“हो. पट्टीही संस्थेचीच.”

चिटणीस मग आणखी एक शिंक देऊन खाली उतरायचे. भांडण कधी झालं नाही. पण जाताना प्रत्येक वेळी म्हणायचे, “बघा विचार करून.” आणि मला कळायचं की हे एक दिवस पुन्हा वर येणार आहे.

मग ती दुपार आली.

मी एकटीच पडद्यासमोर होते. फणसवाडीच्या नावाखाली एक ओळ उमटली. कोणत्याही दवाखान्यात नवा प्रोग्रॅम बसला की अशी ओळ यायची. नाव वाचलं तर आमच्यासारखाच, लांबून कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्रॅम. बाजारात मिळणारा, नावाजलेला, मोठमोठ्या कचेऱ्यांत वापरतात तो. अँटिव्हायरसने चकार शब्द काढला नव्हता. त्याच्या लेखी तो सज्जन होता. मी पाहुण्यांना हाक मारली. ते आले आणि त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “हा आपण पाठवलाय?” मी नाही म्हणाले. तेवढ्यात फणसवाडीतून केसपेपर कुठेतरी बाहेर जायला सुरुवात झाल्याचं दिसलं. त्या कागदांत काय काय होतं हे आम्हाला माहीत होतं. कुणाचा क्षय, कुणाचं पडलेलं मूल, कुणी घरच्यांपासून लपवून घेत असलेली औषधं. माणसांनी फक्त डॉक्टरला सांगितलेलं सगळं.

पाहुण्यांनी फोन लावला. एंगेज. मी माझ्या मोबाइलवरून मावशींच्या मोबाइलला लावला. वाजत राहिला. तो त्यांच्या पर्समध्ये आणि पर्स कपाटात, हे मला माहीत होतं. पुन्हा लँडलाइन. एंगेज. डॉक्टर यायला वेळ होता. लालबागहून फणसवाडीला टॅक्सीने निघालं असतं तरी पोचेपर्यंत सगळं संपलं असतं.

न विचारताही पाहुण्यांना आत जाता येत होतं. ते मला त्या क्षणी समजलं. त्यांच्याकडे प्रत्येक कॉम्प्युटरची किल्ली होती, पहिल्या दिवसापासून. ‘येऊ का’ हा नुसता त्यांचा शब्द होता. दाराला कडी नव्हतीच.

त्यांनी चपला काढल्या. तेवढ्या घाईतही काढल्या. फोन कानाला होता, त्यात टूं टूं वाजत होतं, आणि त्या आवाजाला ते म्हणाले, “मावशी, येऊ का?” थोडा वेळ थांबले. मग फोन ठेवला आणि आत गेले.

गोल काढला नाही. वर हिरवी पट्टी आली. आणि मग मी जे बघितलं ते मला अजून कधीकधी स्वप्नात दिसतं. एकच बाण, पण दोघांच्या हातात. एक जण त्याला डावीकडे ओढतोय, एक जण उजवीकडे. बाण थरथरत होता, वाऱ्यात अडकलेल्या पाखरासारखा. पाहुण्यांच्या पायाची बोटं फरशी घट्ट धरून होती. मग त्यांनी तो दुसरा प्रोग्रॅम बंद केला, उपटून काढला आणि सबंध कॉम्प्युटर बंद केला. फणसवाडीचा ठिपका विझला.

पुढे तपासणाऱ्या माणसाने सांगितलं की गेले ते थोडेच कागद आणि तेही अर्धवट, वाचता येतील असे नव्हेत. पण ते आम्हाला त्या दुपारी माहीत नव्हतं. पाहुण्यांनी चपला घातल्या आणि टॅक्सी केली. मीही गेले.

मावशी खिडकीशी उभ्या होत्या. कॉम्प्युटरवर भर दुपारी क्रोशाचं झाकण घातलेलं होतं. काय झालं ते त्यांनीच सांगितलं. कुणाचा तरी फोन आला, हिंदीत. कॉम्प्युटर कंपनीतून बोलतोय, तुमच्या मशीनमध्ये बिघाड आहे, एक प्रोग्रॅम घ्या. मावशींनी घेतला. मग तो माणूस अगदी अदबीने म्हणाला, “मॅडम, अंदर आ जाऊँ?” मावशी म्हणाल्या, “आइए.” आणि बाण हलू लागल्यावर त्यांनी रीतीप्रमाणे कीबोर्डवरचे हात काढले, मांडीवर ठेवले आणि स्वस्थ बसल्या. फोन ठेवू नका असं त्याने सांगितलं होतं म्हणून फोन कानाला तसाच. पट्टी नव्हती हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांना वाटलं, हे दुसरे पाहुणे आहेत, यांच्याकडे पट्टी नसेल.

पाहुणे दाराबाहेरच उभे होते. “मावशी, मी न विचारता आलो,” ते म्हणाले.

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. “तुमका येता येत होतां?”

“हो.”

“पहिल्यापासून?”

“हो.”

“मी समजत होतंय, मी या म्हटल्याबिगर तुमका दिसतच नाय काय.” मग कॉम्प्युटरकडे न बघता हळूच म्हणाल्या, “तो चोर होतो, पण त्यान विचारल्यान तरी.”

तुमचेच कागद वाचवायला आलो होतो, असं पाहुण्यांना म्हणता आलं असतं. मीच म्हणणार होते, त्यांनी नजरेने मला थांबवलं. मावशींनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, चहाही दिला. पण कॉम्प्युटर बघू का म्हटल्यावर म्हणाल्या, “तां ऱ्हवांदे आता.” मागची निळी नेटची वायर त्यांनी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. केसपेपर हाताने लिहायला घेतले होते.

बातमी सगळ्या दवाखान्यांत पसरली. शीवच्या बाईंनीही कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला. परळच्या कंपाउंडरने फोनवर विचारलं, “पाहुणे, म्हणजे मी दुपारी पत्ते खेळायचो ते…?”

“मला नव्हतं माहीत,” पाहुणे म्हणाले. “आता झालं.”

चिटणीस वर आले. शिंका देऊन झाल्यावर म्हणाले, “चांगलं काम केलंत. म्हणजे न विचारता जाता येतं तर. मग आता ती पट्टी कशाला? सगळं गुपचूप बघत राहा, म्हणजे पुन्हा असा प्रसंग नको.”

“नाही, साहेब.”

“अहो, चोरी तुम्हीच थांबवलीत ना?”

“थांबवली. कशी थांबवली तेही मला माहितीय.”

चिटणीस आवाज न चढवता म्हणाले, “फणसवाडीत डोळे तपासणीचं शिबिर आहे. तोपर्यंत तिथलं मशीन सुरू झालं पाहिजे. नाही झालं तर बाहेरच्या कंपनीला सगळं देऊन टाकू. ते त्यांचा प्रोग्रॅम आणतील, पट्टीबिट्टी काही नसते त्यांच्यात.” जाताना या वेळी ‘बघा विचार करून’ म्हणाले नाहीत.

पाहुण्यांनी त्याच दिवशी प्रोग्रॅम उघडला. स्वतःची किल्ली काढून टाकली. आता पलीकडच्या पडद्यावर एक चौकट येणार होती, ‘पाहुणे येऊ का म्हणतायत’, आणि खाली दोन बटणं, हो आणि नाही. पलीकडच्या माणसाने ‘हो’ दाबल्याशिवाय इथून काही करता येणार नव्हतं. त्यांनाही नाही, मलाही नाही.

“पुन्हा तसा चोर आला तर?” मी विचारलं.

“तर घाम फुटेल.” मग त्यांनी प्रत्येक दवाखान्याच्या शेजारच्या दुकानदारांचे फोन नंबर मिळवायला मला बसवलं. फणसवाडीत एक फरसाणवाला होता, तो म्हणाला, तुम्ही सांगा, मी धावत जाऊन दार ठोकतो. पाहुण्यांना ते फार आवडलं. “खरा अँटिव्हायरस,” म्हणाले.

नवा प्रोग्रॅम सगळीकडे मी पेन ड्राइव्हवर घेऊन गेले. फणसवाडीला मावशींनी विचारलं, “ह्यां काय गो?”

“कडी आहे, मावशी.”

“भायर?”

“आतून.”

“बघूया,” म्हणाल्या आणि झाकण बाजूला करून मला ती कडी बसवू दिली. वायर मात्र ड्रॉवरमध्येच राहिली.

पाहुणे रोज दुपारी फणसवाडीला फोन करायचे. “येऊ का?” मावशी म्हणायच्या, “आज नको.” ते म्हणायचे, “बरं.” मग थोडं इकडचं तिकडचं बोलायचे. मावशींच्या गुडघ्यांचं, डॉक्टर उशिरा आल्याचं. चपला ते तरीही काढायचे. ‘आज नको’ ऐकून झालं की पुन्हा घालायचे. शिबिर जवळ येत चाललं. मला नोकरीची काळजी वाटत होती. त्याहून जास्त, हा माणूस इथून गेला तर त्या दवाखान्यांतल्या माणसांचं हात मांडीवर ठेवून बसणं कुणाला कळणार, असं वाटायचं. एकदा मी म्हणाले, “सर, मी जाऊन वायर लावून येऊ का? मावशी मला काही म्हणणार नाहीत.”

“नाहीच म्हणणार,” ते म्हणाले. “म्हणून तर जाऊ नको.”

शिबिराच्या आदल्या दिवशी दुपारी आमचा फोन वाजला. ऊन खिडकीतून आत आलं होतं, डंकांचा आवाज लयीत चालला होता. पाहुण्यांनी फोन उचलला आणि मी ऐकावं म्हणून स्पीकरवर टाकला.

“पाहुणे, प्रिंटर अडून बसलोहा. उद्या शिबिर. वायर लावलंय मी.”

पाहुण्यांनी चपला काढल्या. “तुमच्या पडद्यावर एक चौकट येईल,” ते म्हणाले. “हो किंवा नाही. पाहिजे ते दाबा.”

“आणि मी नाय दाबलंय तर?”

“मी इथेच.”

“काय बोलता.”

पाहुण्यांनी विचारणा पाठवली. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. फणसवाडीच्या नावाखाली अक्षरं उमटली, ‘नाही’.

मी पाहुण्यांकडे बघितलं. ते पडद्याकडेच बघत होते. फोनमधून मावशींचा श्वास ऐकू येत होता, आणि मागे कुणा पेशंटचा खोकला.

“आता प्रयत्न करा बघू येवचो,” मावशी म्हणाल्या.

पाहुण्यांनी माउस हलवला. इकडे हलवला, तिकडे हलवला. फणसवाडीत काहीही हललं नाही. “येता येत नाही,” ते म्हणाले.

“परत करा.”

त्यांनी पुन्हा विचारणा पाठवली. पुन्हा ‘नाही’. पुन्हा माउस हलवून बघितला. पलीकडे मावशी आपला बाण कुठे जातो का ते डोळ्यांत तेल घालून बघत असणार. लालबागच्या उन्हात मिरचीची पूड तरंगत होती आणि पाहुणे लहान मुलासारखे, परवानगी नसलेला माउस टेबलावर फिरवत बसले होते. मला कळेना, हसावं की काय करावं. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र एवढ्या दिवसांत मी न बघितलेलं काहीतरी होतं. घरी कुणीतरी सुखरूप पोचल्याचा फोन यावा तसं.

“खराच अडता की हो,” मावशी म्हणाल्या. आवाजात जरा जुन्या मावशी आल्या होत्या.

“अडतं,” पाहुणे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, फोनवर हात न ठेवता, मावशींनाही ऐकू जाईल असं म्हणाले, “आता झालं ते दार.”

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. स्टोव्ह पेटवल्यासारखं काहीतरी. पाहुण्यांनी पाय एकमेकांवर घासून पुसले, माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि तिसऱ्यांदा विचारलं, “मावशी, येऊ का?”

मग पडद्यावर ‘हो’ उमटलं, आणि फोनमधूनही आवाज आला, “या.”